दमाचा आकडा

माझ्या स्कूटरच्या डिकीत एक दोनशे पानी वही असते. डाव्या बाजूला पोरांची नावं, वर तारखा, आणि प्रत्येक चौकटीत शून्य ते दहामधला एकच आकडा. सराव संपतो, बुटांच्या नाड्या सुटतात, पाणी पिऊन होतं, घाम वाळतो. मग साधारण अर्ध्या तासाने मी एकेका पोराला बाजूला घेतो आणि हळू आवाजात विचारतो, "आज किती?" तो आकडा सांगतो, मी लिहितो आणि पुढच्याला हाक मारतो.

अशा बऱ्याच वह्या आता भरल्या आहेत. त्यातल्या एका जानेवारीची पानं मात्र मी अजून अधूनमधून उघडून बघतो. त्या पानांवर एका पोराचे आकडे आठ, नऊ, आठ असे वरच राहतात आणि मग एकाएकी पाचावर येतात. तो पाच खोटा होता, आणि तो खोटा बोलला तो माझ्यामुळे.

हे कळायला आधी आमचं कोल्हापूर कळायला हवं. आमच्याकडे फुटबॉलचा संघ बहुतेक वेळा तालमीचा असतो. संघांच्या नावातच 'तालीम मंडळ' असतं. ज्या पेठांनी पैलवान घडवले त्यांनीच पुढे फुटबॉलपटू घडवले, आणि आखाड्यातली शिस्त चेंडूबरोबर मैदानात आली. त्या शिस्तीतलं पहिलं कलम असं, की दमलो म्हणायचं नाही. जोर मारताना हात थरथरले तरी वस्तादाने थांब म्हटल्याशिवाय थांबायचं नाही. मी याच हवेत वाढलो. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून हाफ म्हणून खेळलो, आणि एका मे महिन्यातल्या सामन्यात या शिस्तीची किंमतही मोजली.

त्या दिवशी ऊन असं होतं की बुटाच्या तळव्यातून चटका लागत होता. सामन्याची शेवटची पंधरा मिनिटं राहिली होती. माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊ लागले होते, डोळ्यांसमोरचं मैदान मधूनच पांढरं होत होतं. आमच्या प्रशिक्षकांनी बाकावरून माझ्याकडे बघून हात हलवला. बदली खेळाडू पाठवू का, असं ते विचारत होते. मला फक्त हात वर करायचा होता. प्रेक्षकांत पेठ बसली होती, माझे काका बसले होते. मी मान हलवून नको म्हटलं. सहा-सात मिनिटांनी समोरच्या संघाचा विंगर माझ्या बाजूने गेला. त्याच्या मागे धावायचं हे मला कळत होतं, पण पाय उचलला गेला नाही. गोल झाला आणि आम्ही हरलो. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट, पोरगं शेवटपर्यंत झुंजलं म्हणून पाठ थोपटली. खरं काय ते मला एकट्यालाच माहीत होतं.

खेळणं थांबल्यावर मी प्रशिक्षणाकडे वळलो. एका शिबिरात पहिल्यांदा बोर्ग यांच्या मोजपट्टीबद्दल ऐकलं. गुन्नार बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. माणसाला किती कष्ट होत आहेत हे त्यालाच विचारावं आणि त्याच्या उत्तराला आकडा द्यावा, अशी त्यांची कल्पना. १९६०च्या दशकात त्यांनी केलेली मूळ पट्टी सहा ते वीस अशी विचित्र वाटते, पण त्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांचा अंदाज येतो. सहा म्हणजे बसलेल्या माणसाचे साठ ठोके, वीस म्हणजे जीव तोडून धावणाऱ्याचे दोनशे. पुढे त्यांनी शून्य ते दहाची सोपी पट्टी केली. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी तिला रोजच्या सरावात आणलं. सरावानंतर सुमारे अर्ध्या तासाने आकडा विचारायचा आणि त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटांचा सराव आणि आकडा सहा, तर त्या दिवसाचा भार ३६०. अर्धा तास थांबायचं कारण असं, की शेवटच्या धावेची धाप ताजी असली तर सगळाच सराव जड वाटतो.

मला हे फार आवडलं. ना यंत्र लागतं, ना पैसा. अडचण आली ती शब्दांची. इंग्रजी तक्त्यावरचे शब्द मराठीत आणून मी पोरांसमोर ठेवले. 'मध्यम', 'काहीसे कठीण', 'अतिशय कठीण'. पोरं परीक्षेतल्या पर्यायांकडे बघावं तशी बघत राहिली. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांनाच विचारलं, की तुम्ही एकमेकांना कसं सांगता? मग तक्ता त्यांनीच केला. शून्य म्हणजे निवांत. दोन म्हणजे अंग गरम झालं. तीन म्हणजे घाम फुटला. पाच म्हणजे दम लागला, पण बोलता येतंय. सात म्हणजे कुणी काही विचारू नये असं वाटतं. नऊ म्हणजे शिट्टी कधी वाजते त्याकडे कान. दहा म्हणजे आता आईने हाक मारली तरी उठणार नाही. तो तक्ता मी पुठ्ठ्यावर लिहून घेतला, आणि त्या दिवसापासून आकडे खरे येऊ लागले.

आमचा निम्मा सराव छोट्या मैदानातल्या खेळांचा असतो. चार विरुद्ध चार, चार मिनिटांचा एक डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असे चार डाव. हल्ली भाड्याच्या टर्फवर पोरं खेळतात तसाच, पण मोजून-मापून आखलेला. मोठ्या मैदानावर बावीस जण असतात. १०५ गुणिले ६८ मीटरचं मैदान घेतलं तर माणशी सुमारे ३२५ चौरस मीटर जागा येते. ३० गुणिले २० मीटरच्या चौकोनात आठ जण उभे केले की माणशी ७५ चौरस मीटर उरतात. इथे कुणाला लपायला जागा नाही. मोठ्या सामन्यात एखाद्या हाफला मिनिट-दीड मिनिट चेंडू मिळत नाही. इथे दर काही सेकंदांनी चेंडू पायात येतो किंवा पायातून जातो.

या खेळाला चाव्या आहेत आणि कुठली चावी फिरवली की दम किती लागतो, हे वहीने मला शिकवलं. माणसं कमी केली की आकडा चढतो. चार-चारचे तीन-तीन केले की सहाचा सात-आठ होतो. माणसं तीच ठेवून मैदान ४० गुणिले ३० केलं, म्हणजे माणशी जागा दुप्पट केली, की धाव वाढते आणि आकडाही वाढतो. चेंडू बाहेर गेला की आणायला जाण्याऐवजी कडेला पाच-सहा चेंडू तयार ठेवले, तर खेळात श्वास घ्यायची फटच उरत नाही. मी कडेने ओरडत राहिलो तर आकडा वर जातो, गप्प बसलो तर खाली येतो. यातलं बरंचसं इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट आणि हाच आकडा मोजून नीट दाखवलं आहे. मला ते नंतर कळलं. वाचून आनंद झाला, कारण माझी वही तेच सांगत होती.

आता त्या पोराकडे येतो. त्याला सगळे डावऱ्या म्हणतात. डाव्या पायाचा, सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून इथल्या पेठांमधल्या पोरांची स्वप्नं स्टेडियमच्या भिंतीपलीकडे गेली आहेत. डावऱ्या त्यातलाच. डिसेंबरभर छोट्या डावांनंतर त्याचा आकडा सहा असायचा, फार तर साडेसहा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने आठ सांगितला. पुढच्या सरावाला नऊ.

"नऊ? अरे, तेच मैदान, तेच डाव. बाकी सगळे सहा-सात सांगतात."

"व्हय सर. पर नऊच."

माझ्याकडे छातीला बांधायचे दोन पट्टे होते, ठोके मोजणारे. त्यातला एक मी पुढच्या सरावाला त्याला बांधला. सतरा वर्षांच्या मुलाची वरची मर्यादा ढोबळमानाने २२० वजा वय, म्हणजे २०३ धरतात. त्याचे ठोके तिसऱ्या डावात १८३ पर्यंत गेले. डिसेंबरात, तो सहा सांगत होता तेव्हाही ते १८२-८३च होते. हृदय म्हणत होतं काही बदललेलं नाही. पोरगं म्हणत होतं आठ. मी हृदयावर विश्वास ठेवला.

आणि मग मी जे केलं ते माझ्या प्रशिक्षणातलं सगळ्यात वाईट काम होतं. मी त्याला बाजूला न घेता सगळ्यांसमोर बोललो. म्हणालो, "पट्टा खोटं बोलत नाही. तुझं शरीर ठणठणीत आहे, तुझं मन चुकारपणा करतंय. एवढ्यात दम संपत असेल तर बारावी होईपर्यंत घरी बस." पोरं गप्प झाली. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "पाय न्हाईत दमलं सर. डोकं जड झालंय." मी ऐकलं, पण लक्षात घेतलं नाही. त्याने मला नेमकं उत्तर दिलं होतं आणि मी ते सबब म्हणून बाजूला सारलं.

पुढच्या सरावाला त्याचा आकडा पाच आला. त्याच्या पुढच्यालाही पाच. मला वाटलं, रागावल्याचा उपयोग झाला. खरं तर खेळाकडे बघितलं असतं तरी कळलं असतं. त्याचा पहिला स्पर्श लांब जाऊ लागला होता. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघायची त्याची सवय होती, ती बंद झाली होती. मोकळ्या गड्याला पास द्यायला तो अर्धा क्षण उशीर करत होता. छोट्या मैदानात अर्ध्या क्षणाचा उशीर फार मोठा असतो. चेंडू हिसकावला जातो, मग त्याच्या मागे धावावं लागतं, मग आणखी दम लागतो. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि वहीत पाच लिहिलेला होता.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, चौथ्या डावात, हुकलेल्या चेंडूमागे वळून धावताना तो मध्येच थांबला आणि मांडी मागून धरून खाली बसला. "कुणी तरी दगड मारल्यासारखं झालं," म्हणाला. हॅमस्ट्रिंग. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. हंगामाचा मोठा भाग गेला.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या. तो खाटेवर पाय लांब करून पुस्तक घेऊन बसलेला. त्याच्या आईने चहा ठेवला आणि बोलता बोलता सांगितलं, "सर, ह्याचे वडील फौंड्रीत दुसऱ्या पाळीला. रात्री बाराच्या पुढं येत्यात. त्यांचं जेवण झालं, सगळी निजली, की मग ह्यो स्वयंपाकघरात दिवा लावून बसतोय. तीन वाजत्यात. आणि सकाळी सातला क्लास. पोरगं झोपतच न्हाई बघा." मी चहाचा कप हातात धरून बसलो. संक्रांतीच्या आधीपासून हे चाललं होतं. मी त्याला रोज आकडा विचारत होतो, पण झोप किती झाली हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या रात्रीपासून मी शोधून शोधून वाचू लागलो. एका फिजिओथेरपिस्ट मित्राने मदत केली. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सामुएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्याने समजावून सांगितला. सोळा माणसं. एका दिवशी नव्वद मिनिटं संगणकासमोर डोकं शिणवणारं, सतत लक्ष द्यावं लागणारं काम. दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ नुसते माहितीपट बघायचे. दोन्ही दिवशी त्यानंतर स्थिर सायकलवर, ठरावीक जोराने, थकून थांबेपर्यंत पायडल मारायचं. माहितीपटांनंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले. डोकं शिणल्यावर ६४०. हृदय, फुप्फुसं, स्नायू यांच्या कामात या फरकाचं कारण सापडलं नाही. फरक होता तो आकड्यात. डोकं शिणलेलं असताना तेच पायडल पहिल्यापासून जास्त जड वाटत होतं. दोन्ही दिवशी माणसं जवळपास एकाच वरच्या आकड्यावर थांबली. शिणलेल्या दिवशी तो आकडा लवकर आला, इतकंच.

हे ऐकताना मला डावऱ्याचे आठ, नऊ, आठ आठवत होते आणि पट्ट्यावरचे १८३. दोन्ही खरे होते. पट्टा त्याच्या हृदयाबद्दल सांगत होता आणि तो स्वतःबद्दल सांगत होता.

ही गोष्ट नवीही नव्हती. अँजेलो मोसो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १८९१ साली थकव्यावरच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं, की दिवसभर व्याख्यानं देऊन किंवा परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांच्या बोटांचे स्नायू वजन उचलताना नेहमीपेक्षा लवकर दमतात. फुटबॉलपटूंवरही अलीकडे असे प्रयोग झाले आहेत. अर्धा तास डोक्याला ताण देणारी चाचणी दिल्यावर त्यांची धाव घटली, पास आणि फटके यांतली अचूकता घटली. मला वाटतं, छोट्या मैदानात हे अधिक टोचत असणार. मैदानाला नुसत्या फेऱ्या मारताना डोक्याला काम नसतं. चार-चारच्या डावात दर दोन सेकंदांनी काही तरी ठरवावं लागतं. ज्याचं डोकं दिवसभर गणितं सोडवून आधीच रिकामं झालंय, त्याच्याकडून मी तिथे सगळ्यात जास्त मागत होतो.

त्याचा स्नायू झोपेअभावी किंवा अभ्यासाच्या शिणामुळेच दुखावला, असं मी म्हणणार नाही. दुखापतीला अनेक कारणं असतात. पण त्याचे आठ आणि नऊ मी खरे धरले असते तर त्या आठवड्यात मी त्याला चौथा डाव खेळवला नसता. मला तेवढं पुरे आहे.

मार्चमध्ये त्याची परीक्षा संपली. एप्रिलमध्ये तो मैदानावर परत आला. पहिल्याच दिवशी, ज्यांच्यासमोर मी त्याला बोललो होतो त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं, की त्याचा आकडा बरोबर होता आणि मी चुकलो होतो. ते बोलताना माझा आवाज हलला. पोरांनी मान खाली घातली. डावऱ्या बुटाची नाडी बांधत राहिला.

त्यानंतर वही बदलली. आता सरावाआधीही चार गोष्टी विचारतो. झोप कशी झाली, पाय कसे आहेत, अंग दुखतंय का, डोक्यात काय चाललंय. ज्याचं उत्तर बरं नसतं त्याला घरी पाठवत नाही, कारण पोरांना मैदान हवं असतं. त्याला 'जोकर' करतो. जोकर म्हणजे ज्या संघाकडे चेंडू, त्या संघाकडून खेळणारा नववा गडी. त्याला चेंडू हिसकावायला धावावं लागत नाही, पण खेळात तो असतो. किंवा चार मिनिटांचा डाव दोन मिनिटांचा करतो. बारावीच्या पोरांसाठी जानेवारी-फेब्रुवारीत छोटे डाव कमी आणि साधी धाव, गोलवर फटके, हसतखेळत पासिंग जास्त. आकडा सगळ्यांसमोर कधीच विचारत नाही. आणि एखाद्याचा आकडा यंत्राशी जुळला नाही तर आता यंत्र बाजूला ठेवतो आणि त्या पोराशी बोलतो.

तालमीची शिस्त मी सोडलेली नाही. जुने वस्ताद पोराचा चेहरा बघून त्याचे जोर कमी करायचे, असं माझे काका सांगायचे. त्यांना पोराच्या घरचं माहीत असायचं, त्याच्या खुराकाचं माहीत असायचं. 'दमलो म्हणायचं नाही' हे शिष्याने पाळायचं कलम होतं, पण ते चालायचं ते वस्तादाची नजर जागी होती म्हणून. आम्ही कलम तेवढं घेतलं आणि नजर तिथेच ठेवून आलो.

गेल्या पावसाळ्याआधी, मेच्या अखेरीला, आमचे चार-चारचे डाव चालू होते. संध्याकाळ असूनही हवा भट्टीसारखी. तिसऱ्या डावाची दोन-अडीच मिनिटं झाली असतील. डावऱ्याने चेंडू दिला, दोन पावलं चालला आणि माझ्याकडे बघून हात वर केला. "सर, आठ," एवढंच म्हणाला आणि रेषेबाहेर आला. कडेला उभा असलेला एक लहान पोरगा बिब चढवत त्याच्या जागी धावत गेला. कुणी वळून बघितलं नाही, कुणी काही बोललं नाही. चेंडू फिरत राहिला.

मी त्याला पाण्याची बाटली दिली. त्या उन्हातल्या शाहू स्टेडियमवर मलाही फक्त असा हात वर करायचा होता.